चमत्कारांची दप्तरी नोंद

येशूच्या प्रेषितांच्या काळातले चमत्कार आता होत नाहीत, असे ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनने इ.स. ३९०च्या सुमारास लिहून ठेवले. चर्च सगळीकडे पसरले होते, आणि माणसाचे मन डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींतच अडकून पडू नये, असे त्यामागचे कारण त्याने दिले. तेव्हा तो आफ्रिकेतल्या तागास्ते या आपल्या गावी मोजक्या मित्रांबरोबर वाचन-चिंतनात रमलेला होता.

गंमत अशी की, दोन वर्षांपूर्वीच आफ्रिकेतल्याच कार्थेजला त्याने एक प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. इनोसेन्शियस नावाच्या, पूर्वी वकिली केलेल्या गृहस्थाकडे तो उतरला होता. त्या गृहस्थाला भगंदर. वैद्यांनी शस्त्रक्रिया केली, पण आतली एक वाट त्यांच्या नजरेतून सुटली. पुन्हा चिरायचे म्हटल्यावर माणूस हबकला. अलेक्झांड्रियाच्या नामांकित शल्यवैद्याला बोलावले, तर त्याचेही मत तेच. वर, दुसऱ्यांच्या मेहनतीचे श्रेय आपण लाटणार नाही म्हणून त्याने काम आधीच्या वैद्यांकडेच सोपवले. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री इनोसेन्शियसने जमिनीवर पालथे पडून असा आकांत मांडला की ऑगस्टिनला स्वतःला धड प्रार्थना करवेना. सकाळी वैद्यांनी पट्ट्या सोडल्या, तर जखम भरून घट्ट व्रण धरलेला.

हे पाहूनही तो ‘आता नाही’ असे लिहितो! मला वाटते, तेव्हा ती त्याला एका घरावर झालेली कृपा वाटली असावी. चारचौघांत मांडायचा दाखला नव्हे. पुढे तो आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप झाला आणि दुखणेकऱ्यांचा राबता त्याच्या दारी सुरू झाला.

४१५ साली पॅलेस्टाइनमध्ये पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या अस्थी सापडल्या. त्यांचे अंश आफ्रिकेतही आले. हिप्पोत ते आल्याला दोन वर्षे होण्याआधीच त्यांच्यामुळे बरे झालेल्यांच्या सत्तरच्या आसपास लेखी हकिकती जमल्या. हकीकत लिहून द्यायची आणि ती भर सभेत वाचायची, हा ऑगस्टिनचा आग्रह. कार्थेजच्या इनोसेन्शिया या बाईचा स्तनाचा कर्करोग बरा झाला आणि तिने त्याची वाच्यता केली नाही, तर हा तिच्यावर चक्क रागावला! भाबडेपणापेक्षा मला यात पूर्वाश्रमीचा वक्तृत्वाचा शिक्षक दिसतो: साक्षीदार उभा केल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही.

‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या, २२व्या भागात त्याने हे सारे मांडले. ४२६-२७मध्ये आपल्याच पुस्तकांची उजळणी करताना त्या जुन्या विधानाचाही खुलासा केला: चमत्कार मुळीच होत नाहीत असे आपल्याला म्हणायचे नव्हते. थोडी सारवासारवच ती.

४३० साली वँडल टोळ्यांचा हिप्पोला वेढा पडलेला असताना तो अंथरुणाला खिळला. एका आजाऱ्याला त्याच्यापाशी आणून डोक्यावर हात ठेवायची विनवणी झाली. तेवढी ताकद असती तर आधी स्वतःलाच बरे केले नसते का, असे तो म्हणाला. स्वप्नात तशी आज्ञा झाली आहे, असे आजाऱ्याला आणणाऱ्याने सांगितले, तेव्हा त्याने हात ठेवला. आजारी बरा होऊन गेला, अशी नोंद त्याचा चरित्रकार पोसिडियस याने केली आहे.