फुकटचा पहारेकरी

शेगांवच्या स्टेशनावर उतरणारा यात्रेकरू गर्दींत आपला खिसा सांभाळतो. परंतु त्याच गांवांतील गृहस्थ घरीं संगणकापुढें बसला कीं निर्धास्त होतो. शेतीचा सातबारा, रेल्वेचें तिकीट, पेन्शनचा हिशेब, पुण्यास शिकणाऱ्या मुलीची फी, हीं सर्व कामें आतां त्याच यंत्रावर होतात. खिशांतल्यापेक्षां मोठा ऐवज त्यांत असतो, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. एके दिवशीं यंत्र मंदावतें, आणि पडद्यावर लाल अक्षरें झळकतात : 'तुमच्या संगणकांत हेर शिरले आहेत, फुकट तपासणीसाठीं येथें दाबा.' अशा वेळीं त्यानें काय करावें?

प्रथम हा हेर म्हणजे काय तें पाहूं. स्पायवेअर म्हणजे मालकास नकळत संगणकांत राहून तेथील माहिती बाहेर धाडणारें सॉफ्टवेअर. कांहीं केवळ जाहिरातींसाठीं मालकाच्या आवडीनिवडी टिपतें. कांहीं मात्र कळफलकावर दाबलेलें प्रत्येक अक्षर नोंदवून बँकेचा पासवर्ड परक्याच्या हातीं देतें. तें बहुधा दार फोडून येत नाहीं. एकादा फुकट खेळ उतरवून घेतांना न वाचतांच 'पुढें, पुढें' दाबणारा मालकच त्यास आंत घेतो.

त्याचा शोध घेणारें सॉफ्टवेअरहि फुकट मिळतें, तें कां? त्यामागें तीन प्रकारचे दाते असतात. पहिला हौसेनें देणारा. जर्मनींतील पॅट्रिक कोला यांनीं २००० सालीं 'स्पायबॉट' तयार केलें आणि घरगुती वापरासाठीं तें फुकट ठेवलें. दुसरा दाता आपल्या मालाची पत राखण्यासाठीं देतो. मायक्रोसॉफ्टनें डिसेंबर २००४ मध्यें जायंट ही कंपनी विकत घेतली. तिच्या सॉफ्टवेअरांतून पुढें 'डिफेंडर' निघालें, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तें संपूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजबरोबरच येऊं लागलें. तिसरा दाता हाच खरा चोर. तो खोटी तपासणी दाखवितो, नसलेले रोग सांगतो आणि औषधाचे पैसे मागतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें डिसेंबर २००८ मध्यें 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटिव्हायरस' इत्यादि नांवांनीं चाललेला असा व्यापार न्यायालयाकडून थांबविला. दहा लाखांहून अधिक ग्राहक त्यांत फसले, असें कमिशनचें म्हणणें होतें. तेव्हां लाल अक्षरांची ती खिडकी म्हणजे पहारेकऱ्याच्या वेषांत दारीं उभा राहिलेला चोर समजावा. तिच्यावर कोठेंहि न दाबतां ती बंद करावी.

मग विश्वासू पहारेकरी आणावा कोठून? त्यासाठीं परदेशाकडेच पाहावें लागतें असें नाहीं. पुण्यांत कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून आरंभ करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं उभारलेली क्विक हील ही कंपनी याच धंद्यांत नांवारूपास आली. भारत सरकारनें २१ फेब्रुवारी २०१७ रोजीं 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलें. या केंद्राच्या संकेतस्थळावरून देशी कंपन्यांनीं केलेलीं सफाईचीं साधनें नागरिकांस विनामूल्य मिळूं लागलीं. त्यांत क्विक हीलचेंहि साधन होतें.

साधन निवडल्यावर त्याची परीक्षा पद्धतशीर घ्यावी. आधीं फोटो व कागदपत्रें यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क सोडवून ठेवावी. सॉफ्टवेअर तें करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्यावें, जाहिरातींतून नव्हे. बसवितांना प्रत्येक पान वाचून, सोबत येऊं पाहणाऱ्या वस्तूंपुढील खूण काढावी. मग तें अद्ययावत् करून संपूर्ण तपासणी लावावी. एका तासांत ती न संपली तरी धीर धरावा. संशयित फाइल एकदम पुसूं नये. कोरोनाच्या साथींत घरोघरीं परिचित झालेलें 'क्वारंटाइन' येथेंहि आहे. निर्दोष फाइल चुकून सांपडली, तर तेथून ती परत आणतां येते. एक मात्र पथ्य पाळावें. सतत जागता पहारा देणारीं दोन सॉफ्टवेअरें एकाच वेळीं ठेवूं नयेत. तीं परस्परांसच अडवितात आणि यंत्र अधिक मंदावतें.

तपासणींत कांहीं न सांपडलें म्हणजे कांहीं नाहींच, असेंहि नव्हे. हीं साधनें मुख्यतः ओळखीच्या चोरांच्या खुणा आणि संशयास्पद वागणूक यांवरून शोध घेतात. नवा चोर निसटूं शकतो. शिवाय घरच जुनें झालें तर पहारेकरी काय करणार? विंडोज १० चें नेहमींचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, हें जुना संगणक वापरणाऱ्या घरांनीं विसरूं नये. हेर सांपडला, तर बँकेचे पासवर्ड दुसऱ्या निर्धोक यंत्रावरून बदलावेत. आणि पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प न बसतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

फुकट वस्तु वाईटच असते असें नाहीं. परंतु पहारेकरी नेमतांना पगार किती, हें विचारण्यापूर्वीं तो कोणी पाठविला, हें विचारणें अधिक शहाणपणाचें होय.