चार मीटरांच्या आतील मोटार

उंच बांध्याची, पण लांबीने आखूड अशी मोटार हल्ली आपल्या पुष्कळ कुटुंबांस हवीशी वाटते. बेळगावकडील मंडळींस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठी चोर्ला घाटाने जुने गोवे गाठावयाचे असते. घरात गुडघ्यांनी अधू झालेली आजी असते. उंच आसनावर तिला फारसे न वाकता बसता येते, हा लाभ खराच. तथापि बांध्यावर भुलू नये. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू या तिघींची इंजिने केवळ पुढचीच चाके फिरवितात. चिखलात त्या जुन्या जीपचे काम करणार नाहीत.

त्यांची लांबी चार मीटरांच्या आत का, याचे कारण करात आहे. लहान मोटारीस २००६ सालापासून करात सवलत मिळत आली. मात्र लांबीबरोबरच पेट्रोल इंजिन १२०० आणि डिझेल इंजिन १५०० घनसेंटिमीटरांपलीकडचे नसावे, अशी अट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अटीत बसणाऱ्या मोटारीवर १८ टक्के, इतर मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी झाला. गंमत अशी की, ब्रेझा ३९९५ मिलिमीटर लांबीची असूनही तिचे इंजिन १४६२ घनसेंटिमीटरांचे, म्हणून ती चाळीस टक्क्यांत पडते. तेवढ्याच लांबीची नेक्सॉन अठरा टक्क्यांत. तेव्हा किंमत कर, नोंदणी व विमा धरूनच विचारावी.

आमच्या मते खरा निवाडा मागच्या बाकावर व्हावा. तेथे जे तिघे बसणार, त्या तिघांनाच शोरूममध्ये न्यावे. मधल्यास खांद्यावरून येणारा पट्टा आहे काय, मानेमागे आधार आहे काय, हे पाहावे. विक्रेता तोवर पडद्याची आणि छतातील काचेची थोरवी सांगेल; सांगो बापडा.

अपघात-कसोटीचे तारेही नीट वाचावेत. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळविणारी नेक्सॉन ही भारतात बनलेली पहिली मोटार. पण ते तारे प्रौढांच्या रक्षणाचे होते, मुलांच्या बाबतीत तीनच. दोन्हींत पाच तारे २०२४ साली मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली कसोटीही आहे. तीतही प्रौढांचे व मुलांचे गुण निरनिराळे देतात. लेकुरवाळ्या घराने दुसरा आकडा आधी पाहावा.

चाचणीची फेरी एकट्याने घेऊ नये. घरची माणसे बसवून मोटार चढणीवर न्यावी. ब्रेझाचे साधे इंजिन आणि नेक्सॉनचे टर्बो यांतील भेद सपाट रस्त्यावर फारसा जाणवत नाही. पाच माणसांनिशी घाट लागला की लगेच कळतो.