नव्वद सेकंदांची भट्टी

मुंबईतल्या बड्या इटालियन रेस्तराँमध्ये मेन्यूतले पिझ्झ्याचे पान उघडले की नजर भराभर खाली सरकते. ट्रफल, बुराटा, पार्मा हॅम, पोर्चिनी मशरूम. सगळ्यात वर छापलेली आणि सगळ्यात स्वस्त असलेली मार्गारिटा मागे पडते, कारण साधा चीज पिझ्झा तर घरीही मागवता येतो. पण एखाद्या रेस्तराँचा पिझ्झा पारखायचा असेल तर पहिल्यांदा मार्गारिटाच मागवावी. पीठ, टोमॅटो, मोझरेला, बेसिल आणि ऑलिव्ह तेल, एवढ्यावर सगळा खेळ. ट्रफलच्या वासाखाली कच्ची कड खपून जाते, मार्गारिटाची कच्ची कड पहिल्याच घासाला कळते.

या शहरात असा पिझ्झा चाखायच्या जागा आता पुष्कळ आहेत. नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमधले व्हेत्रो, सांताक्रूझच्या ग्रँड हयातमधले सेलिनी, जुहूच्या जेडब्ल्यू मॅरियटमधले मेत्झो मेत्झो ही पंचतारांकित हॉटेलांच्या आतली नावे. त्यांच्या बाहेर केम्प्स कॉर्नरचे गुस्तोसो, वांद्रे-कुर्ला संकुलातले चिनचिन, २०१९ मध्ये काळा घोड्याला सुरू झालेले अमेरिकानो. २०१८ मध्ये जुहूला सोहो हाऊस हा क्लब उघडला आणि त्याच्यासोबत लंडनचे चेकोनीज मुंबईत आले. यांपैकी कुठेही मार्गारिटाची किंमत साखळी दुकानातल्या पिझ्झ्याच्या कितीतरी पट असते. शिवाय बिलातला एक फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. स्वतंत्र रेस्तराँत जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जाते, तिथल्या रेस्तराँत त्याच जेवणावर १८ टक्के.

मग हे पैसे नेमके कशाचे? जागेचे, सेवेचे, आयात मालाचे, हे आहेच. पण पिझ्झ्यापुरते बोलायचे तर पैसे वसूल व्हायला हवेत दोन गोष्टींत: पिठाच्या उंड्यात आणि भट्टीत. या दोन गोष्टी घरी जमत नाहीत आणि साखळी दुकानाला त्या परवडत नाहीत.

पिझ्झा मुळात श्रीमंतांच्या ताटातला पदार्थ नव्हताच. नेपल्समध्ये तो कामकऱ्यांचे, बंदरावरच्या माणसांचे रस्त्यावरचे खाणे होता. तिथली दा मिकेले ही पिझ्झेरिया १८७० सालची. तिच्या फळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या दोनच नावे राहिली, मारिनारा आणि मार्गारिटा. १८८९ मध्ये राफाएले एस्पोझितो या पिझ्झावाल्याने राणी मार्गारिटासाठी इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला आणि राणीचे नाव त्याला मिळाले, ही गोष्ट जगभर सांगतात. इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहेत, कारण टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल घातलेला पिझ्झा त्याआधीही नेपल्समध्ये होत असे. १९०५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेन्नारो लोम्बार्दी कोळशाच्या भट्टीत पिझ्झे भाजू लागला, तेव्हाही गिऱ्हाईक होते ते इटलीहून आलेले मजूर.

या पदार्थाला उंची रेस्तराँत आणले ते कॅलिफोर्नियाने. १९८० मध्ये ॲलिस वॉटर्स यांनी बर्कलीतल्या शे पानीस या रेस्तराँच्या माडीवर कॅफे उघडला आणि तिथे लाकडाची भट्टी घातली. दोन वर्षांनी वुल्फगँग पक यांनी लॉस एंजेलिसमध्ये स्पागो सुरू केले. हॉलिवूडचे नट-नट्या तिथे रांगा लावू लागल्या, आणि भाजलेल्या पोळीवर धुरावलेला सामन मासा नि कॅव्हियार घातलेला पिझ्झा त्या रेस्तराँची ओळख बनला. जगभरच्या मेन्यूंत आज ट्रफल नि बुराटाची जी रांग दिसते, तिची सुरुवात इथली. मात्र स्पागोतून पिझ्झ्याला मिळालेली मोठी देणगी वेगळीच आहे, असे म्हणावेसे वाटते. तिथे गोड पदार्थांचा विभाग सांभाळणाऱ्या नॅन्सी सिल्व्हरटन पुढे पावाकडे वळल्या, १९८९ मध्ये त्यांनी ला ब्रेआ बेकरी काढली, आणि २००६ मध्ये पिझ्झेरिया मोत्झा. पाव करणारीच्या नजरेने त्यांनी पिझ्झ्याकडे पाहिले. वर काय घालायचे याआधी कड कशी फुगते, हा प्रश्न त्यांनी घेतला.

नेपल्सही स्वस्थ बसले नव्हते. १९८४ मध्ये तिथल्या पिझ्झावाल्यांनी संघटना स्थापन करून खऱ्या नेपल्सच्या पिझ्झ्याचे नियम लिहून काढले. २०१० मध्ये युरोपीय संघाने त्या पिझ्झ्याला ‘पारंपरिक वैशिष्ट्यपूर्ण पदार्थ’ म्हणून मान्यता दिली आणि २०१७ मध्ये युनेस्कोने पिझ्झा करण्याच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. युरोपीय संघाची नियमावली वाचण्यासारखी आहे. एक लिटर पाण्याला साधारण १.८ किलो पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ आणि यीस्ट फक्त ३ ग्रॅम. उंडा १८० ते २५० ग्रॅमचा. पोळी लाटण्याने लाटायची नाही, बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यायची, म्हणजे आतली हवा काठाशी जमते. मध्यभाग ०.४ सेंटिमीटर जाड, कड १ ते २ सेंटिमीटर. आणि भट्टीचा तळ ४८५ अंश सेल्सियसच्या आसपास, भाजायला ६० ते ९० सेकंद.

घरच्या ओव्हनचा काटा बहुधा २५० अंशांवर थांबतो. खरा फरक तिथेच पडतो.

नेपल्सची भट्टी बाहेरून मोठी दिसते, पण आतला घुमट मुद्दाम बुटका ठेवलेला असतो. लाकूड एका बाजूला जळते, ज्वाळा घुमटाला घासत वर चढते आणि तापलेला घुमट वरून पिझ्झ्यावर उष्णतेचा मारा करतो. खालून तापलेली फरशी भाजते. मधली गरम हवा तोंडाकडे फिरत राहते. तीन बाजूंनी आलेल्या या उष्णतेचे काम एकाच वेळी संपले पाहिजे: ज्या क्षणी तळ भाजून होतो, त्याच क्षणी वरचे चीज वितळलेले आणि टोमॅटोचे पाणी आटलेले हवे. तळ आधी झाला तर वर ओले राहते, वरचे आधी झाले तर तळ पांढराफटक.

फरशी कशाची आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. नेपल्सचे कारागीर सोरेंतोकडची भाजलेल्या मातीची फरशी वापरतात. ती उष्णता धरून ठेवते, पण पटकन सोडत नाही. २०१८ मध्ये आंद्रेई वार्लामोव्ह आणि आंद्रेआस ग्लात्झ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सेर्जो ग्रासो या खाद्य-मानवशास्त्रज्ञाबरोबर यावर एक निबंधच लिहिला. त्यांच्या हिशेबाने रोममधल्या विटांच्या भट्टीत ३३० अंशांच्या आसपास पिझ्झा दोन मिनिटांत होतो. तेच तापमान लोखंडी तळाच्या विजेच्या ओव्हनला दिले तर पिझ्झ्याचा तळ कोळसा होईल, कारण लोखंडातून उष्णता पिठात फार वेगाने शिरते. म्हणून तिथे तापमान २३० अंशांवर आणावे लागते आणि वेळ १७० सेकंदांपर्यंत वाढतो. त्या जास्तीच्या सेकंदांत पोळीतले पाणी उडते. पिझ्झा कुरकुरीत होतो, पण आतला ओलावा जातो.

नेपल्सच्या पिझ्झ्याच्या कडेवर काळे-तपकिरी ठिपके उठतात, विस्तवावर शेकलेल्या भाकरीवर उठतात तसेच. ते करपणे नव्हे. नीट आंबलेल्या पिठात वायूचे बारीक बुडबुडे असतात, त्यांच्यावरचा पातळ पापुद्रा आधी भाजतो, म्हणून ठिपके. संपूर्ण कड एकसारखी तपकिरी असेल तर भट्टी थंड होती असे खुशाल समजावे. कड पूर्ण काळी असेल तर पिझ्झा वेळेवर फिरवला नाही.

मुंबईत या सगळ्यात आणखी एक भिडू असतो, हवा. नेपल्सची जुनी कृती सामान्य खोलीतल्या तापमानावर बेतलेली आहे: मळलेले पीठ दोन तास, मग उंडे चार ते सहा तास. मुंबईच्या तीस-बत्तीस अंशांत आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तेच पीठ धावत सुटते. चव तयार व्हायच्या आत उंडा फुगून खाली बसतो. म्हणून इथले जाणकार शेफ पीठ शीतकपाटात चोवीस, कधी अठ्ठेचाळीस तास संथपणे आंबवतात, पाणी गार घेतात, पावसाळ्यात पाण्याचे प्रमाणही उतरवतात. इतका वेळ टिकायला पिठात ताकद लागते. युरोपीय नियमावली ती ताकद ‘डब्ल्यू’ या आकड्यात मोजते आणि २२० ते ३८० अशी मर्यादा घालते. आपल्या बाजारातल्या साध्या मैद्याच्या पाकिटावर असा आकडा नसतो. इटलीच्या ‘०० पिठा’चा उल्लेख मेन्यूवर अभिमानाने होतो, पण ‘००’ म्हणजे पीठ किती शुभ्र आणि बारीक, एवढेच. ते किती ताणले जाईल हे त्यावरून कळत नाही. नेपल्सच्या कापुतो गिरणीचे (स्थापना १९२४) पीठ मुंबईतले अनेक शेफ आणवतात ते या ताकदीसाठी.

टोमॅटोबद्दल फार लिहायला नको. व्हेसुव्हियसजवळच्या सान मार्झानो टोमॅटोला १९९६ पासून संरक्षित नाव आहे, डब्यात तो जगभर जातो, आणि चांगला पिझ्झावाला तो हाताने कुस्करून, मीठ घालून कच्चाच पसरतो. शिजवलेला, साखर घातलेला सॉस चाखताक्षणी ओळखू येतो.

चीजबद्दल मात्र थांबून बोलायला हवे. इटलीच्या कंपानिया भागातला नावाजलेला मोझरेला म्हशीच्या दुधाचा असतो, आणि जगात सर्वांत जास्त म्हशीचे दूध भारतात निघते. तरीही आपल्या पिझ्झ्यावर ताजा मोझरेला दिसू लागला तो अलीकडेच. बंगळुरूत बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी इटालियन पद्धतीने चीज करायला सुरुवात केली. मुंबईत २०१५ मध्ये एलेफ्थेरिया ही चीज बनवणारी कंपनी सुरू झाली. आता बुराटा आणि ताजा मोझरेला इथेच, दोन दिवसांच्या आत, रेस्तराँच्या स्वयंपाकघरात पोहोचू शकतो. विमानाने आठवड्याने येणाऱ्या मालापेक्षा हे केव्हाही बरे. ताज्या मोझरेलाला पाणी सुटते. तो आधी निथळत ठेवला नसेल तर पिझ्झ्याच्या मध्यभागी डबके साचते, आणि एवढी महाग भट्टी असूनही पोळी लदलदीत होते.

महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. इटलीतले पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या घटकाने) बनते, दुसरे रेनेट वापरले तर त्याला ते नाव लावता येत नाही. भारतात होणाऱ्या चीजमध्ये बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट असते. हिरवा ठिपका पाहून मागवलेल्या पिझ्झ्यावर वरून आयात पार्मिजानो किसला जाणार का, हे विचारण्यात संकोच नको. मुंबईतली चांगली रेस्तराँ कांदा-लसूण वगळून जैन पिझ्झा मनापासून करून देतात, तर या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्याकडे असलेच पाहिजे.

आता भट्टीवरच प्रश्नचिन्ह आले आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. महापालिकेने मग तंदूर आणि भट्ट्या वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या, जुलै २०२५ ची मुदत घातली. इराणी बेकऱ्यांचा पाव बदलेल म्हणून हळहळ व्यक्त झाली. ती समजण्यासारखी आहे. पण दिवसभर भंगार लाकूड जाळणाऱ्या धुराड्याच्या शेजारी राहणाऱ्यांची फुप्फुसेही याच शहराची आहेत.

हा पेच फक्त मुंबईचा नाही. नेपल्सजवळच्या सान वितालियानो गावाने २०१५ च्या डिसेंबरात धूर गाळणारी यंत्रणा नसलेल्या लाकडाच्या भट्ट्यांवर बंदी घातली, म्हणजे पिझ्झ्याच्या माहेरीच. न्यूयॉर्कने २०२४ च्या एप्रिलपासून जुन्या लाकडी आणि कोळशाच्या भट्ट्यांना धुरातले सूक्ष्म कण ७५ टक्क्यांनी कमी करणे बंधनकारक केले. आणि नेपल्सच्या ज्या संघटनेने लाकडाचा आग्रह धरला होता, तिनेच पुढे चाचण्या घेऊन काही गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली. त्यामागचे कारण भौतिकशास्त्रात आहे. नव्वद सेकंदांत पिझ्झ्याला धुराची चव लागायला वेळच मिळत नाही. लागते ती तापमानाची. बुटका घुमट, मातीची फरशी आणि साडेचारशेच्या वरचा काटा असेल तर ज्वाळा गॅसची आहे की लाकडाची, हे डोळे मिटून खाणाऱ्याला सांगता येणे अवघड आहे. मुंबईतल्या रेस्तराँनी लाकूड सोडावे, भट्टी सोडू नये. लाकूड गेले म्हणून साध्या डेक ओव्हनवर येणे आणि किंमत तीच ठेवणे, ही मात्र ग्राहकाची फसवणूक होईल.

खाण्याच्या पद्धतीवरही शब्दभर. नेपल्समध्ये पिझ्झा न कापता येतो आणि काटा-सुरीने, मधून बाहेर, खाल्ला जातो. त्याचा मध्यभाग मऊ, काहीसा ओला असतोच. साखळी दुकानांच्या कुरकुरीत पोळीची सवय झालेल्यांना तो कच्चा वाटतो (भारतात डॉमिनोज आणि पिझ्झा हट दोन्ही १९९६ मध्ये आली, म्हणजे ही सवय एका पिढीची आहे). ज्यांना कुरकुरीत आवडतो त्यांनी रोमन पद्धतीचा मागवावा. तो पातळ लाटलेला असतो आणि जास्त वेळ भाजलेला. दोन्ही खरे आहेत, पण एकाच्या अपेक्षेने दुसरा मागवला तर दोघांवर अन्याय होतो. घरपोच मागवायचाच असेल तर रोमन मागवा. नेपल्सचा पिझ्झा खोक्यातल्या स्वतःच्या वाफेने दहा मिनिटांत चामट होतो.

वाईनच्या यादीत द्राक्षाचे नाव, गाव आणि साल छापणारी रेस्तराँ पिझ्झ्याच्या पानावर मात्र फक्त वरचे पदार्थ मोजून दाखवतात. पीठ कोणते, किती तास आंबवले, चीजमध्ये रेनेट कोणते, भट्टी कशावर चालते आणि किती तापते, एवढे त्यांनी मेन्यूवर छापावे. तोवर ग्राहकांनी ऑर्डर देण्याआधी हे विचारत राहावे.