मुलचेऱ्यावर लिहिलेलं मुलचेऱ्याला कुठे सापडेल?

डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध छापून आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यात आली होती. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आशा कार्यकर्त्यांमार्फत पुढे देशभर जी घरोघरची नवजात-सेवा सुरू झाली, तिच्यामागे हे काम आहे. याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या मुलचेरा तालुक्यात आशाताई आज तीच सेवा देतात. त्यांच्यापैकी एखादीला तो निबंध वाचावासा वाटला, तर तिने कुठे जावं?

हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राचा आहे. पुस्तकं देणं-घेणं आणि नोंदवहीत शिक्का मारणं एवढीच या शास्त्राची ओळख आपल्याकडे राहिली, याचं मला वाईट वाटतं. ज्ञान कोण तयार करतं, ते कुठे छापलं जातं, खरं-खोटं कसं तपासलं जातं आणि गरज असलेल्या माणसाच्या हाती ते पोचतं की नाही, हा या शास्त्राचा खरा अभ्यासविषय. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये त्याचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे त्यातले तीन.

मुलचेऱ्यापुरतं हे तपासून पाहू. जंगलातला छोटा तालुका, पण माडिया-गोंड, मराठी आणि तेलुगू बोलणारी माणसं, शिवाय पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन साठच्या दशकापासून इथे वसवलेली बंगाली कुटुंबं, असं सगळं एकत्र नांदणारा. वनहक्क कायदा, हिवताप, सिकलसेल, निर्वासितांचं पुनर्वसन, गोंडी-माडिया भाषा, बांबू आणि तेंदूपत्ता यांवर काम करणाऱ्या संशोधकाला या पट्ट्यात यावंच लागतं. त्यातून जे लिहिलं जातं ते मात्र एका जागी नसतं. हिवतापावरचं वैद्यकीय नियतकालिकात जातं, वनहक्कांवरचं कायद्याच्या किंवा अर्थशास्त्राच्या, भाषेवरचं भाषाविज्ञानाच्या.

ही विखुरण कशी असते, हे सॅम्युअल ब्रॅडफर्ड या लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या ग्रंथपालाने १९३४ मध्ये दाखवून दिलं. भूभौतिकी आणि वंगणशास्त्र या दोन विषयांवरचे लेख कुठकुठल्या नियतकालिकांत आले, ते त्याने मोजलं. त्याला दिसलं की एक तृतीयांश लेख मोजक्याच नियतकालिकांत असतात, पुढच्या तृतीयांशासाठी त्याच्या कितीतरी पट नियतकालिकं चाळावी लागतात आणि शेवटच्या तृतीयांशासाठी आणखी तितक्याच पटीने जास्त. मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलांचा सडा असतो, बुंध्यापासून लांब जावं तसं एकेका फुलासाठी वाकावं लागतं, तसंच हे. तालुक्याविषयीच्या लेखनाला तर बुंधाही नसतो.

त्यात नावांचा गुंता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधीचं लेखन चंद्रपूरखाली आहे, १९६४ च्या आधीचं चांद्याखाली, आणि त्याही मागे गेलं तर अहेरी जमीनदारी, सिरोंचा तहसील अशी नावं शोधावी लागतात. रोमन लिपीत मुलचेऱ्याची स्पेलिंगंही एकसारखी नसतात. एका जागेची सगळी नावं एकमेकांना जोडून ठेवणं हे सूचीकाराचं रोजचं काम. ते झालं नाही की विद्यार्थी संगणकावर एकच नाव टाकतो, हाती काही लागत नाही आणि ‘आमच्या भागावर काहीच झालेलं नाही’ असं प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहून मोकळा होतो. मग तेच घर, तीच प्रश्नावली, तेच प्रश्न. उत्तरं देऊन देऊन गावं दमतात.

दुसरा प्रश्न, छापलेल्यातलं खरं किती हा, जास्त गंभीर आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि या भागातल्या मुलांना पीएच.डी.साठी नागपूरकडे पाहण्याची गरज उरली नाही. पण त्याच सुमारास देशभर प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या शोधनिबंधांच्या गुणांना बांधल्या गेल्या. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलेला असला पाहिजे, ही अटही आली. (ती नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द झाली.) निबंध छापण्याची मागणी वाढली तसा बाजार उभा राहिला. पैसे भरा, चार दिवसांत छापून घ्या. तज्ज्ञांकडून तपासणी नाही, संपादक मंडळातली नावं खोटी, पत्ता बनावट. अशा प्रकाशकांची यादी जगापुढे ठेवणारा माणूस, जेफ्री बील, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा ग्रंथपालच होता.

आपल्याकडे हे काम पुण्यातून झालं. डॉ. भूषण पटवर्धन, ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांची यादीच तपासायला घेतली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या ५,६९९ नियतकालिकांमधून त्यांनी १,३३६ निवडली. आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये असलेली ३२७ वगळली आणि उरलेल्या १,००९ची छाननी केली. त्यातली ३४.५ टक्के पहिल्याच पायरीवर बाद झाली, कारण पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी साधी माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. आणखी ५२.३ टक्के नियतकालिकांमध्ये चुकीचा आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे किंवा संपादकांची तोकडी पात्रता असे दोष आढळले. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हा अभ्यास आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या नियतकालिकं तपासणाऱ्या कक्षाच्या मदतीने आयोगाची नवी ‘केअर’ यादी तयार झाली आणि २०१९ पासून वापरात आली. गेल्या कित्येक वर्षांत मराठी मुलखात ग्रंथालयशास्त्राने केलेलं इतकं थेट समाजोपयोगी काम मला दुसरं दिसत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता प्रत्येक संस्थेवर आहे, म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयावरसुद्धा. तिथे हे काम जाणणारा माणूस एकच, ग्रंथपाल. म्हणून निबंध पाठवण्याआधी प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे जावं.

काही गोष्टी आपल्यालाही पाहता येतात. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक म्हणजे नियतकालिकाची फक्त ओळख, दर्जाचा दाखला नव्हे. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६ असं करत २ पर्यंत गुणायचं, बेरजेत आठवा अंक मिळवायचा (तिथे एक्स असेल तर १० धरायचे) आणि ११ ने भागायचं. बाकी उरली, तर क्रमांकच खोटा. इम्पॅक्ट फॅक्टरचंही तसंच. नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला, एवढंच तो सांगतो. युजीन गारफिल्ड यांनी आपल्या संदर्भसूचीत कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवण्यासाठी तो काढला. माणसांना गुण देण्यासाठी तो कधीच नव्हता. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला सरळ पत्र लिहून विचारावं, ‘आपण खरंच या मंडळावर आहात का?’ आणि आठवड्याभरात स्वीकृती देणाऱ्यापासून दूर राहावं. मन लावून तपासायला वेळ लागतोच.

छापण्याइतकाच वाचण्याचाही प्रश्न आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली केली. पण पहिल्या टप्प्यात ही सोय सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांना आहे. खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली महाविद्यालयं तिच्या बाहेर राहतात, आणि ग्रामीण महाराष्ट्रातलं उच्च शिक्षण बहुतांशी त्यांच्याच खांद्यावर आहे. ही त्रुटी लवकर दूर व्हायला हवी. तोवर ‘शोधगंगा’ आहे. भारतीय विद्यापीठांमधले लाखो प्रबंध तिथे कुणालाही फुकट वाचता येतात, मोबाइलवरसुद्धा. ती चालवणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’तला एक प्रकल्प म्हणून झाली होती.

राहिली भाषा. ग्रंथालयांना वाहिलेलं भारतातलं पहिलं नियतकालिक, ‘लायब्ररी मिसेलनी’, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याहून १९१२ मध्ये निघालं, आणि त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूर असे. शंभर वर्षांनंतर मराठी ग्रंथपाल आपलं संशोधन इंग्रजीतच लिहितो, कारण गुण तिकडे मिळतात. इंग्रजीत लिहायला माझी हरकत नाही, जगाशी बोलायला ती लागते. पण ज्या घरांनी माहिती दिली, त्या घरांच्या भाषेत दोन पानंही लिहायची नाहीत, हे मला पटत नाही.

म्हणून मुलचेऱ्यात प्रश्नावली घेऊन येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला विनंती आहे: काम छापून आलं की त्याची एक प्रत आणि दोन पानांचा सारांश, मराठीत आणि जमल्यास बंगालीत, तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. आणि तिथल्या ग्रंथपालांना विनंती आहे की ‘मुलचेरा’ नावाची एक वही आजच उघडा. चांदा, अहेरी, सिरोंचा, गडचिरोली, कुठल्याही नावाखाली सापडलेला प्रत्येक निबंध, प्रबंध, अहवाल तिच्यात नोंदवा. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते यांनी संगणक नसताना, एकट्याच्या चिकाटीने उभी केली. एका तालुक्याची सूची त्यापुढे काहीच अवघड नाही.