पिकाचा फोटो कोणत्या मोबाईलवर चांगला येतो? पाच फोन, एकच पान



आज फवारणीचा सल्ला नाही. आज मोबाईलच्या कॅमेऱ्याबद्दल लिहितोय. मेसेज जरा लांब झालाय, संध्याकाळी निवांत बसून वाचा, पण वाचा नक्की.

आधी माझीच एक चूक सांगतो. मागच्या खरिपात आपल्या एका सभासदाने सोयाबीनचा फोटो पाठवला होता. भर दुपारी काढलेला, पान नुसतं पिवळं दिसत होतं, शिरा काही कळत नव्हत्या. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडलं की बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. मी तेच धरलं आणि फेरस सल्फेटची फवारणी सांगितली. त्यांनी बिचाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी केली. नऊ दिवसांनी त्यांच्या बांधावर गेलो तर तो पिवळा मोझॅक निघाला. तोवर पांढरी माशी तो रोग घेऊन आख्ख्या पट्ट्यात फिरली होती. सुरुवातीची दहा-पंधरा झाडं उपटून टाकायची वेळ होती, ती गेली.

चूक माझी. फोटो नीट दिसत नव्हता तर दुसरा मागायला हवा होता. पण त्या फोटोत पानाच्या शिरा दिसल्या असत्या तर दोन मिनिटांत फरक कळला असता. लोह कमी असेल तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्याच राहतात, जाळी काढल्यासारख्या. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे चट्टे कसेही पसरतात, शिरांचा हिशोब राहत नाही. एकाला खताची फवारणी, दुसऱ्याला झाड उपटणं आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त. फोटो अंधुक असला की हे दोन्ही सारखेच दिसतात.

*पाच फोनची परीक्षा*

"साहेब, माझा मोबाईल साधाय, फोटो कुठून चांगला येणार?" हे मला रोज ऐकायला मिळतं. म्हणून गेल्या आठवड्यात कार्यालयात आलेल्या सभासदांचे पाच फोन घेतले आणि मोझॅकचं एकच पान सगळ्यांवर टिपलं. एक सहा वर्षांचा जुना १३ मेगापिक्सेलचा, काच कोपऱ्यात तडकलेली. एक नऊ हजारांचा ५० मेगापिक्सेलचा. एक ६४ मेगापिक्सेलचा, त्याला वेगळा मॅक्रो कॅमेरा. एक १०८ मेगापिक्सेलचा. आणि पाचवा एका सभासदाच्या पुण्यातल्या पोराने पाठवलेला, साठ हजारांच्या वरचा. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या सगळे दुकानात जातील.

पहिल्या वेळी म्हणलं, नेहमी काढता तसाच काढा. दुपारचे साडेबारा, उभ्याउभ्या, एका हाताने. पाचही फोटो टाकाऊ. गंमत म्हणजे सगळ्यात धूसर आला तो साठ हजारवाल्याचा.

दुसऱ्या वेळी साडेचार वाजता, लेन्स सुती कपड्याने पुसून, पानापासून वीतभर अंतर ठेवून, स्क्रीनवर पानाच्या जागी बोट टेकवून काढले. आता त्या तडकलेल्या जुन्या फोनवरसुद्धा चट्टे आणि शिरा स्पष्ट दिसल्या. रोग ओळखायला तेवढं पुरे होतं. महागड्या फोनवर आणि १०८ वाल्यावर फोटो मोठा करून पाहिला तर पानामागची पांढरी माशीही दिसली, ती जुन्यावर दिसंना. एवढाच फरक. म्हणजे फरक आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

*मग ५० आणि १०८ मेगापिक्सेल म्हणजे काय?*

मेगापिक्सेल म्हणजे फोटोत किती लाख ठिपके. १ मेगापिक्सेल म्हणजे १० लाख. पण मोबाईलचा सेन्सर नखाएवढा, त्यात ५० मेगापिक्सेल बसवले की एकेक ठिपका फार बारीक होतो आणि त्याला उजेड कमी मिळतो. म्हणून ५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या सेटिंगवर शेजारचे चार ठिपके मिळून एक करतो, चार वाट्यांतलं पाणी एका तांब्यात ओतावं तसं. फोटो तयार होतो साडेबारा मेगापिक्सेलचा. १०८ वाला नऊ ठिपक्यांचा एक करतो, त्याचा होतो १२ चा. म्हणजे दुकानदार १०८ म्हणून विकतो आणि तुमच्या गॅलरीत १२ चा फोटो असतो. जुना १३ चा फोन आकड्यात मागे नाही. मागे पडतो तो लेन्समध्ये आणि कमी उजेडात.

त्याच्यापुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. तुम्ही व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो टाकता तेव्हा व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं. माझ्याकडे पोचतो तो साधारण दोन-तीन मेगापिक्सेलचा. पाचही फोनचे फोटो मी असेच माझ्या मोबाईलवर मागवले, तर जुना आणि १०८ वाला यांतला फरक जवळजवळ पुसला गेला. पांढरी माशी दोन्हींवरून गायब!

यावर उपाय फुकट आहे. फोटो पाठवण्याआधी वर 'एचडी' असं बटण दिसतं, ते दाबा. २०२३ च्या ऑगस्टपासून ही सोय आलीय, बटण दिसत नसेल तर अॅप अपडेट करा. त्याहून चांगलं म्हणजे जोडणीच्या पिनवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि त्यातून फोटो पाठवा. मग फोटो जसा काढला तसाच येतो, एकही ठिपका कमी होत नाही. डेटा जास्त जातो आणि रानात रेंज नसली की चक्र फिरत राहतं, म्हणून घरी येऊन पाठवला तरी चालेल. संध्याकाळी आलेला चांगला फोटो दुपारी आलेल्या अंधुक फोटोपेक्षा मला केव्हाही बरा.

*महाग फोन जवळून धूसर का?*

मोठ्या सेन्सरचा मुख्य कॅमेरा फार जवळचं टिपू शकत नाही, त्याला अंतर लागतं. आपण अळी नीट दिसावी म्हणून मोबाईल पानाला चिकटवतो आणि तिथंच घोटाळा होतो. थोडं मागे या, वीतभर, आणि स्क्रीनवर '२x' करा. त्याच्या पुढे बोटांनी ताणू नका. बऱ्याच फोनमध्ये त्यापुढचा झूम म्हणजे फोटोच मोठा करून दाखवणं असतं, नवीन काही दिसत नाही.

आणि तो वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा? स्वस्त आणि मधल्या किमतीच्या फोनमध्ये तो बहुतेक २ मेगापिक्सेलचा असतो, डब्यावर कॅमेऱ्यांची संख्या वाढवायला बसवलेला. आमच्या परीक्षेत त्याने सगळ्यात वाईट फोटो काढला. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यासमोर साधं भिंग धरा. आम्ही धरून पाहिलं, फुलकिडे चांगले दिसले.

रंगाचंही एक बघा. हल्लीचे फोन 'एआय' लावून हिरवं आणखी हिरवं करतात. लग्नातल्या फोटोला ठीक आहे. पण पान फिकट पडायला लागलंय हेच मला बघायचं असतं आणि फोन ते झाकून टाकतो. कॅमेऱ्यात वर 'एआय' लिहिलेलं असेल तर बंद करा, फिल्टर काढा. पानाच्या शेजारी वहीचा कोरा कागद ठेवा. कागद फोटोत पिवळट किंवा निळसर दिसला तर मला कळतं की रंग किती फसवतोय. त्याच कागदावर एक रुपयाचं नाणं ठेवलं तर अळी केवढी आहे तेही कळतं. 'मोठी अळी' म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

फोटो सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर काढा. दुपारीच काढावा लागला तर ऊन पाठीवर घेऊन पानावर स्वतःची सावली पाडा. वारं असेल तर दुसऱ्या हाताने देठ धरा. आणि लेन्स पुसा! फवारणी करताना खिशातल्या मोबाईलवर औषधाचा तेलकट थर बसतो, घाम बसतो, आणि सगळे फोटो धुक्यातले येतात. निम्मे फोटो मला असे येतात. पावसात भिजलेल्या फोनच्या लेन्समध्ये आतून वाफ धरली असेल तर पुसून काही होणार नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवर काढा.

*मला नुसतं पान नको*

एका पानाच्या फोटोवरून सल्ला देणं म्हणजे एका नखावरून माणूस ओळखणं. आधी बांधावरून सगळा प्लॉट दिसेल असा एक फोटो, म्हणजे रोग गोल चकंद्यात आहे का सखल जागी आहे का बांधाकडून आत सरकतोय ते कळतं. मग एक पूर्ण झाड शेंड्यापासून बुडापर्यंत. मग जवळून पान, वरची बाजू आणि खालची बाजू. मावा, पांढरी माशी, भुरीची सुरुवात, द्राक्षावरचा केवडा हे सगळं पानामागे बघावं लागतं आणि लोक नेमकं तेच दाखवत नाहीत.

झाड सुकत असेल तर उपटून खोड उभं चिरून फोटो काढा. सोयाबीनमध्ये खोडमाशी असेल तर आत लालसर भुयार दिसतं. चक्रीभुंगा असेल तर देठावर किंवा फांदीवर दोन खाचा दिसतात आणि त्याच्या वरचा भाग वाळतो. तूर-हरभऱ्याची मर असेल तर आत काळपट तपकिरी रेष दिसते. कांद्यावरचे फुलकिडे पातीवर टिपत बसू नका, पात कोऱ्या कागदावर झटका आणि कागदाचा फोटो काढा.

प्लांटिक्ससारखं अॅप किंवा केंद्र सरकारची एनपीएसएस वापरणारेही आपल्यात आहेत. वापरा. पण अॅपलाही तुमचाच फोटो बघायचा असतो. अंधुक फोटोवर ते माझ्यासारखंच चुकतं आणि नंतर बांधावरही येत नाही. अॅपने औषध सांगितलं तर दुकानात जाण्याआधी एकदा विचारा.

*ई-पीक पाहणी आणि पंचनामा*

इथं फोटोच्या सुंदरतेपेक्षा जागा महत्त्वाची. ई-पीक पाहणीचा फोटो अॅपमधूनच आणि आपल्या गटात उभं राहूनच काढायचा असतो. लोकेशन आधी चालू करा आणि मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबा. झाडाखाली किंवा शेडमध्ये जीपीएस भरकटतो. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंदच नसेल तर पुढे हमीभाव केंद्रावर अडचण येते, हे आपण पाहिलंय.

२०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पाणी शिरलं तेव्हा बऱ्याच जणांचे फोटो नुसत्या पाण्याचे होते, कोणाचं रान ते ओळखू येईना. नुकसानीचा फोटो काढताना विहीर, विजेचा खांब, ओळखीचं झाड असं काहीतरी चौकटीत घ्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ती जागेची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फोटो मोबाईलमधून काढून टाकू नका. फोटो म्हणजे पंचनामा नव्हे, पण तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत पाणी ओसरलेलं असतं, तेव्हा तेवढाच आधार.

आता फोटोबरोबर एवढं लिहा: गाव, गट नंबर, पीक आणि वाण, पेरणीची तारीख, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. टाइप करायला जमत नसेल तर बोलून पाठवा. या आठवड्यात ज्यांनी सोयाबीन पिवळं पडल्याचे फोटो टाकलेत, त्यातले माझ्याकडून उत्तर न गेलेले फोटो मला नीट दिसले नाहीत म्हणून थांबलेत. ते उद्या सकाळी नऊच्या आत वर सांगितल्याप्रमाणे परत काढून 'डॉक्युमेंट'मधून पाठवा. तोवर फेरस सल्फेट असो वा दुसरं काही, फवारू नका.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी