पॅरिसच्या वेशीवरचे सुरेन

पॅरिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आयफेलचा मनोरा उभा राहतो. पण त्या शहरात दिवसभर राबणारा माणूस रात्री पाठ टेकायला कोठे जातो, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे; आम्हांला तोच प्रश्न आधी सुचतो. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला सुरेन नावाचे गाव सापडले. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे जाणले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता श्रोत्यांनी ही हकीकत ऐकावी.

सुरेन हे सीन नदीच्या डाव्या तीरावर, पॅरिसच्या पश्चिमेला, माँ व्हालेरियँ या टेकडीच्या पायथ्याशी आहे. नदीपलीकडे बुआ द बुलोन्यचे प्रसिद्ध वन. एके काळी येथे द्राक्षांचे मळे होते. पुढे पॅरिसमध्ये जागा महागली आणि कारखाने नदी ओलांडून आले. ब्लेरियोची विमाने, कोटीची अत्तरे, टाल्बोच्या मोटारी येथे तयार होऊ लागल्या. कारखान्यापाठोपाठ कामगार आला. पण त्याच्या घराची काळजी कोणी केली नव्हती. दाटीवाटीच्या ओल्या खोल्या आणि त्यांत क्षयरोग, हे पुढचे ओघानेच आले.

१९१९ साली आंरी सेलिए हे समाजवादी गृहस्थ सुरेनचे नगराध्यक्ष झाले. त्यांचे म्हणणे साधे होते. मजुरी वाढली आणि घरमालकाने भाडे वाढवले, तर कामगाराच्या हाती काय राहिले? म्हणून घर हा नफ्याचा माल राहू नये. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने स्वस्त भाड्याची घरे बांधणारी सार्वजनिक मंडळे स्थापण्याची मुभा मिळाली होती. पॅरिस भोवतालच्या सेन जिल्ह्याच्या अशा मंडळाचा कारभार सेलिए पाहत. मंडळाने जमीन घ्यायची, सार्वजनिक पैशातून घरे बांधायची, ती विकायची नाहीत, बेताच्या भाड्याने द्यायची. जमीन लोकांच्या मालकीची राहिली की तिची चढती किंमत भाडेकरूच्या मानगुटीवर बसत नाही. सगळी मेख यातच आहे.

अलेक्सांद्र मेस्त्रास या वास्तुकाराच्या आराखड्यावरून १९२१ पासून सुरेनला उद्याननगरी उठू लागली. महायुद्ध येईपर्यंत तेथे सुमारे २,५०० बिऱ्हाडे झाली. पण नुसती बिऱ्हाडे नव्हेत. शाळा, स्नानगृहे, कपडे धुण्याची जागा, वृद्धांसाठी निवास, नाट्यगृह, मध्ये झाडे आणि मोकळे चौक, हे सारे आराखड्यातच होते. त्याच नाट्यगृहात १९५१ साली जाँ व्हिलार यांनी आपल्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहाचे प्रयोग कामगार वस्तीपुढे केले.

दुसरे काम मुक्तशाळेचे. अशक्त आणि क्षयाच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी बोदुआँ व लोद या वास्तुकारांनी १९३५ च्या सुमारास ती पुरी केली. प्रत्येक वर्ग म्हणजे बागेतला एक वेगळा मंडप. त्याच्या तीन बाजूंच्या काचेच्या भिंती घडी करून सारता येत. तेव्हा क्षयावर हमखास गुणकारी औषध नव्हते. ऊन, हवा, सकस अन्न, विश्रांती आणि डॉक्टरची नियमित तपासणी एवढीच साधने, आणि ती गरिबाच्या पोराला मिळेनात. तीच येथे शाळेने दिली.

हे वाचताना आम्हांला आमची वरळीची चाळ आठवली. मुंबई सरकारने बी. डी. डी. चाळी बांधल्या त्याही याच १९२० नंतरच्या दशकात. २०७ इमारती, १६० चौरस फुटांची एक खोली, आणि मजल्यामागे सामाईक संडास. आमचे थोरले काका गिरणीत होते. त्यांना क्षय झाला तेव्हा वेगळे निजवायला जागा नव्हती, म्हणून ते गॅलरीत निजत. तेथेच गेले. तेव्हा औषध निघाले होते, पण ते घेऊन पडायला कोपरा नव्हता. चाळीने आम्हांला शेजार दिला, सण दिले, संप लढण्याची धमक दिली. ते ऋण आम्ही नाकारीत नाही. पण सुरेनमध्ये घर बांधताना माणसाचे सारे आयुष्य हिशेबात धरले, आणि येथे फक्त त्याची पथारी धरली, हा फरक राहतोच.

सुरेन म्हणजे स्वर्ग नव्हे. अगदी निराधारांना त्या घरांचे भाडेही जड जाई. कामगाराने कसे राहावे हे वरून शिकवण्याची हौसही त्या कारभारात होती. आणि चांगले काम आपोआप टिकत नाही. १९३६ साली ब्लुम यांच्या सरकारात आरोग्यमंत्री झालेल्या सेलिए यांना १९४१ मध्ये व्हिशी सरकारने नगराध्यक्षपदावरून काढले, जर्मनांनी त्यांना अटक केली, आणि १९४३ साली ते वारले. त्याच वर्षांत माँ व्हालेरियँच्या किल्ल्यात जर्मनांनी हजारावर देशभक्तांना व ओलिसांना गोळ्या घातल्या. मुलांच्या फुप्फुसांसाठी मोकळी हवा देणारी शाळा आणि वधस्तंभ, दोन्ही एकाच टेकडीवर!

आज सुरेनचे जुने कारखाने गेले. त्या जागी कचेऱ्या आल्या. शेजारी ला देफाँसचे मनोरे उभे आहेत आणि खाजगी घरांचे भाव कामगाराच्या आवाक्याबाहेर आहेत. मुक्तशाळेच्या वास्तूला २००२ साली ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. पण उद्याननगरीतली घरे अजून सार्वजनिक भाड्याचीच आहेत. शंभर वर्षांपूर्वी जमीन विकली नाही, म्हणून आज त्या महागड्या गावात साधा नोकरदार राहू शकतो.

गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते या सभेतल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे: पगाराच्या मागणीपत्रात यापुढे घराचेही कलम घाला, आणि नगरपालिकेला मत देताना उमेदवाराला विचारा, की गावची जमीन तू कोणासाठी राखणार?