बाहेरच्या लेनमधली धाव

संकटात टिकून राहण्याला आपण ‘तग धरणे’ म्हणतो. ख्रिस्ती श्रद्धेत या गुणाला फार मोठे स्थान आहे. तो समजावून सांगताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला जवळजवळ दोन हजार वर्षे दिला जात आहे. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल (१९०२–१९४५) तो दाखला प्रत्यक्ष जगले. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की धीर म्हणजे काय आणि तो कसा कमावतात, हे नीट उलगडते.

दाखला आला कुठून?

प्रेषित पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. जिंकणाऱ्याला मिळणारा पानांचा मुकुट थोड्याच दिवसांत सुकून जाई. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने नेमका हा मुकुट उचलला. सुकणाऱ्या पानांसाठी खेळाडू एवढा संयम पाळत असेल, तर न सुकणाऱ्या मुकुटासाठी आपण किती पाळायला हवा, असा त्याचा युक्तिवाद होता.

नव्या करारात ‘धीर’ या अर्थाने वारंवार येणारा ग्रीक शब्द आहे ‘हुपोमोने’. त्याचा शब्दशः अर्थ ‘खाली टिकून राहणे’. पाठीवर पोते असतानाही हमालाचे पाय चालत राहतात, तसा हा धीर असतो. ओझे हलके होण्याची वाट पाहत तो थांबत नाही.

पडल्यावर उठणे

लिडेल यांचे आईवडील चीनमध्ये मिशनरी होते. एरिक यांचा जन्मही तिथल्या तिएनत्सिन शहरातला. एडिंबरा विद्यापीठात शिकत असताना ते स्कॉटलंडकडून रग्बी खेळले आणि धावपटू म्हणूनही नावारूपाला आले.

जुलै १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक इथे ४४० यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून ते ट्रॅकबाहेर पडले. उठेपर्यंत बाकीचे सुमारे २० यार्ड पुढे निघून गेले होते. तरीही ते उठले, धावले आणि जिंकले. अंतिम रेषा ओलांडताच मात्र ते कोसळले.

रविवारचा नकार

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ही त्यांची हुकमी शर्यत होती. तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलैला होत्या. रविवार हा उपासनेचा आणि विश्रांतीचा दिवस, या श्रद्धेमुळे त्यांनी धावायला नकार दिला. रविवारी येणाऱ्या रिले शर्यतीही सोडल्या. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या १९८१ च्या चित्रपटात त्यांना ही अडचण पॅरिसला निघताना कळते. प्रत्यक्षात ती काही महिने आधीच कळली होती. तो वेळ त्यांनी हळहळण्यात घालवला नाही. २०० आणि ४०० मीटरचा कसून सराव केला.

२०० मीटरमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. ११ जुलैला ४०० मीटरच्या अंतिम फेरीत त्यांच्या वाट्याला सर्वांत बाहेरची लेन आली. या लेनमधला धावपटू सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे उभा असतो, त्यामुळे प्रतिस्पर्धी त्याला दिसत नाहीत आणि वेगाचा अंदाज स्वतःच बांधावा लागतो. लिडेल यांनी पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत कापले. हा वेग शेवटपर्यंत टिकणार नाही, असे जाणकारांना वाटत होते. मान मागे टाकलेल्या आपल्या ओबडधोबड शैलीत त्यांनी तो टिकवला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले.

श्रद्धेची वाटचाल बरीचशी याच लेनसारखी असते. शेजारचा कुठवर पोहोचला ते दिसत नाही. आपल्या वाट्याचे अंतर मात्र पूर्ण करायचे असते.

छावणीतली पहाट

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, लिडेल चीनला परतले आणि तिएनत्सिनच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. युद्धाचा धोका वाढला तेव्हा, १९४१ मध्ये, त्यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी तिथेच जन्मली. तिला ते कधीच पाहू शकले नाहीत.

मार्च १९४३ मध्ये जपानी सैन्याने त्यांना वेइशियनच्या छावणीत डांबले. तिथे दीड हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहत होती. लिडेल रोज पहाटे उठत आणि खोलीतल्या सोबत्याबरोबर शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यापाशी शास्त्र वाचून प्रार्थना करत. मग दिवसभर कोळसा वाहणे, मुलांना विज्ञान शिकवणे आणि मोडलेल्या हॉकी स्टिका दुरुस्त करणे चाले. मुले त्यांना ‘एरिककाका’ म्हणत.

धीर ऐनवेळी कुठून तरी अंगात येत नाही, हे इथे दिसते. खेळाडूला जशी सरावाची ठरलेली वेळ, तशी श्रद्धावंताला प्रार्थनेची. रोजच्या त्या पहाटेनेच त्यांचा उरलेला दिवस पेलला.

रविवारची हॉकी

छावणीतही लिडेल रविवारी खेळ घेत नसत. एका रविवारी मुलांनी आपली आपणच हॉकी खेळायला घेतली. पंच नव्हता, त्यामुळे सामन्याचे रूपांतर मारामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरले.

मला त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग सुवर्णपदकाहून मोठा वाटतो. स्वतःच्या गौरवासाठी जो नियम त्यांनी वाकवला नाही, तो मुलांच्या भल्यासाठी वाकवला. हट्टाला नियम सांभाळायचा असतो, श्रद्धेला माणूस. हा फरक ओळखता येईपर्यंत चिकाटीची साधना अपुरीच म्हणायची.

शेवटचा टप्पा

शेवटच्या हिवाळ्यात त्यांचे डोके असह्य दुखू लागले. मेंदूत गाठ होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, छावणी मुक्त होण्याच्या सुमारे सहा महिने आधी, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच हिवाळ्यात स्टीफन मेटकाफ नावाच्या एका मुलाच्या पायांत धड बूट नव्हते. लिडेल यांनी आपले जुने, दोऱ्याने बांधून कसेबसे टिकवलेले धावण्याचे बूट त्याला देऊन टाकले. शत्रूसाठी प्रार्थना करायलाही तो त्यांच्याकडूनच शिकला होता. मोठेपणी तो मिशनरी झाला आणि सेवेसाठी जपानला गेला.